उमेदीची वर्षे कशी खर्चावी?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण बहुधा वृद्धांच्या संदर्भात आणि थोडे हसण्यासाठी वापरतो. परंतु ती नीट ऐकली तर तिचा पहिला अर्धा भाग तरुणांविषयी आहे हे ध्यानात येते. विशी-पंचविशीच्या माणसाजवळ दात असतात. म्हणजे प्रकृती असते, उत्साह असतो, नव्या गोष्टींची हौस असते. नसतात ते चणे. हातात पैसा नसतो, नोकरीचा ठिकाणा नसतो आणि पुढे काय होणार याची खात्री नसते. मग त्याला दोन बाजूंनी दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आता चार वर्षे अंग मोडून कष्ट कर, मजा करायला सारा जन्म पडला आहे.’ सोबती म्हणतात, ‘तारुण्य एकदाच येते, ते पुस्तकात डोके घालून का घालवतोस?’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ऐकणारा गोंधळतो. आजच्या भाषणात या गोंधळाचे मूळ शोधण्याचा आणि त्यातून वाट कशी काढता येईल हे पाहण्याचा विचार आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्याच तरुणांचा आहे असे कोणी समजू नये. गोंदियाहून उत्तरेस बालाघाटकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हट्टा रोड नावाचे एक लहानसे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने या मुलखात अरुंद रुळांची गाडी आणली. आता तेथून रुंद रुळांची गाडी धावते. हट्टा हे बालाघाट जिल्ह्यातील गाव. भोवतालचा प्रदेश धानाचा, वैनगंगेच्या खोऱ्याचा. येथे मराठी कानी पडते, पोवारी कानी पडते आणि कचेरीत गेले की हिंदी. १९५६ पूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि बालाघाटच्या होतकरू मुलाची वाट स्वाभाविकपणेच दक्षिणेकडे जात असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखाना गोंदिया-नागपूरकडे, तर सरकारी नोकरीची परीक्षा भोपाळ-इंदूरकडे, अशी या भागातील मराठी घरांची ओढाताण तेव्हापासून आहे. घरी एक भाषा, परीक्षेत दुसरी आणि मुलाखतीसाठी तिसरी, असा तिहेरी अभ्यास येथील मुलामुलींना करावा लागतो. महत्त्वाकांक्षेची किंमत काय असते हे सीमेवरच्या माणसाला अधिक लवकर कळते, ते यामुळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कष्ट आणि आनंद यांच्यातील हे भांडण पूर्वी नव्हते काय? होते, परंतु ते मिटविण्याचे काम एकट्या माणसावर सोपविलेले नव्हते. धानाच्या मुलखातील वर्ष पाहा. मृग लागला की पेरणीची गडबड सुरू होते. आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणी चालते, आणि तेव्हा कोणी कोणाला ‘चल, जरा फिरून येऊ’ असे म्हणत नाही. पुढे कापणी, बांधणी, मळणी. पण दिवाळी येते आणि गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार, पाहुणे, लेकी-जावयांचे येणे; रात्री दंडार, तमाशा, नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मोठे केंद्र. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इतर महाराष्ट्राचेही तिकडे लक्ष गेले. मंडईची प्रथा बालाघाटकडील गावांतही आहे.

या व्यवस्थेतील मर्म असे की आनंदाची वेळ पंचांगाने आणि पिकाने ठरविलेली होती. मंडईच्या रात्री नाटकाला बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात ‘मी या वेळी शेतावर असायला हवे होते’ अशी टोचणी नसे, कारण शेतावर त्या रात्री काही कामच नसे. आणि रोवणीच्या दिवसांत करमणूक नाही म्हणून कोणी खंत करीत नसे, कारण शेजारीही चिखलातच उभा असे. कष्टही सामुदायिक आणि आनंदही सामुदायिक. त्या जगात दारिद्र्य होते, उपासमार होती, जातीपातीचा जाच होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु कामाला शेवट होता, ही एक गोष्ट त्याच्यात खरोखर चांगली होती.

कारखाने आले आणि हा शेवट नाहीसा झाला. यंत्राला ऋतू नसतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आणि आठवड्याचे सातही दिवस राबत असत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे केल्या, त्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार वेळेवर व्हावा. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवारची सुटी प्रत्यक्षात पदरात पडायला १० जून १८९० हा दिवस उजाडला. पुढे १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. आपण आज ज्याला सहज ‘सुटीचा दिवस’ म्हणतो, तो असा मागून, भांडून आणि कायद्याने मिळविलेला आहे. विसावा ही आळशाची चैन नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे मराठी कामगारांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता आजच्या तरुणाकडे पाहा. तो शेतकऱ्यासारखा ऋतूला बांधलेला नाही आणि कामगारासारखा घड्याळालाही बांधलेला नाही. तो परीक्षेची तयारी करतो, किंवा एखाद्या लहानशा नोकरीत राहून मोठ्या नोकरीच्या मागे असतो, किंवा स्वतःचा धंदा उभारण्याच्या खटपटीत असतो. त्याच्या कामाला भोंगा नाही. अभ्यास कधी ‘संपला’ असे म्हणता येत नाही. आणखी एक पुस्तक, आणखी एक उजळणी नेहमीच शिल्लक असते. त्याला रविवार देणारा मालकही नाही. या परिस्थितीचा एक विचित्र परिणाम होतो. त्याच्याजवळ रिकामा वेळ पुष्कळ असतो, परंतु फुरसत मुळीच नसते. या दोन शब्दांतील भेद बारकाईने पाहिला पाहिजे. रिकामा वेळ म्हणजे ज्या वेळी काम होत नाही तो वेळ. फुरसत म्हणजे ज्या वेळी काम न करण्याची मनाला मोकळीक असते तो वेळ. धडपडणारा तरुण दुपारी दोन तास मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत बसतो. ते दोन तास अभ्यासाचेही नव्हेत आणि विश्रांतीचेही नव्हेत. पुस्तकाजवळ बसला की करमणूक खुणावते आणि करमणुकीजवळ गेला की पुस्तक टोचते. अशा रीतीने तो दोन्ही गमावतो आणि रात्री थकून झोपतो. थकवा मात्र कामाचा नसतो, टोचणीचा असतो.

यावर ‘मन आवर’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. जे काम पूर्वी ऋतू करीत असे आणि पुढे कायदा करू लागला, ते या तरुणाने स्वतः करायचे आहे. म्हणजे आपल्या दिवसाला शेवट आणि आठवड्याला रविवार त्यानेच नेमून द्यायचा आहे. थोडा हिशेब मांडून पाहू. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ तास गेले. कामगाराला कायद्याने जेवढे काम नेमले तेवढे, म्हणजे ४८ तास, आपण मन लावून अभ्यासाला किंवा उद्योगाला दिले असे समजू. उरतात ६४ तास. आंघोळ, जेवणखाण, घरकाम, येणे-जाणे यांना रोज पाच तास दिले तरी ३५ जातात आणि २९ शिल्लक राहतात. एकोणतीस तास म्हणजे रोजचे चार तासांहून अधिक. ज्याला घरी पोटासाठी मजुरी करावी लागते त्याचा हिशेब अर्थातच निराळा होईल, आणि त्याच्याविषयी पुढे बोलायचे आहे. परंतु ‘आनंदाला वेळच नाही’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते पुष्कळांच्या बाबतीत खरे नसते. खरे असते ते एवढेच की कामाचे ४८ तास आपण ७० तासांत पातळ करून पसरवितो.

हट्ट्याच्या लोकांना याचा दाखला शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. गावात जुन्या काळची एक प्रसिद्ध बावली आहे. तिचे नाते गोंड राजवटीशी सांगितले जाते. नुसते पाणी काढायचे असते तर एक गोल विहीर आणि एक रहाट एवढ्याने भागले असते. परंतु बांधणाऱ्यांनी पायऱ्या केल्या, दगडी खांब उभे केले, खाली उतरताना सावलीत थांबता येईल असे मजले केले. पाणी नेणे हा उद्देश, आणि वाटेतला गारवा ही जोड. या दोहोंत विरोध आहे असे त्या कारागिरांना वाटले नाही. उलट, विसाव्याची जागा असल्यामुळेच माणूस तळापर्यंत उतरून पुन्हा वर चढू शकतो. जी वाट लांबची असते तिच्यावर थांबण्याच्या जागा आधीच बांधून ठेवाव्या लागतात.

आता दुसरा प्रश्न. आनंद पुढे ढकलावा की नाही? आपल्याकडे पुरुषार्थांचा विचार फार जुना आहे, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की या नेमक्या प्रश्नाला वात्स्यायनाने हात घातला आहे. ‘कामसूत्र’ हा ग्रंथ लोक नावाने ओळखतात, वाचतात थोडे. त्याच्या आरंभीच्या भागात आयुष्याची वाटणी सांगितली आहे: बालपणी विद्या वगैरे मिळवावे, तारुण्यात सुखोपभोग घ्यावा, उतारवयात धर्म आणि मोक्ष पाहावा. एवढेच सांगून तो थांबला असता तर तो आपल्या वडीलधाऱ्यांसारखाच एक वेळापत्रक देणारा ठरला असता. परंतु लगेच त्याने पुस्ती जोडली आहे की आयुष्याचा भरवसा नसल्यामुळे जे जेव्हा साधेल तेव्हा ते साधावे. एका शास्त्रकाराने स्वतःच्या वेळापत्रकाला स्वतःच ही सवलत ठेवली, यात मोठे शहाणपण आहे. क्रम असावा, पण तो इतका ताठ नसावा की एक पायरी चुकली तर पुढचा जिनाच बंद व्हावा.

आजच्या परीक्षांचा जिना किती अरुंद आहे हे आकड्यांनी पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० उमेदवारांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ बसले. शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. त्यांत ६६४ पुरुष आणि ३५२ स्त्रिया. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ५८३ जणांपैकी एक. सर्वसाधारण गटातील उमेदवाराला ३२ वर्षे वयापर्यंत सहा वेळा बसता येते. इतर मागास वर्गांना ३५ वर्षांपर्यंत नऊ वेळा.

या आकड्यांवरून ‘परीक्षा देऊच नका’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शेतमजुराची मुलगी जिल्हाधिकारी होऊ शकते ही या परीक्षांनी दिलेली शक्यता लहान नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याने आपले सारे सुख निवडीनंतरच्या दिवसावर ठेवले, त्याने ते अशा दिवसावर ठेवले आहे जो ५८३ पैकी ५८२ जणांच्या आयुष्यात त्या वर्षी उगवत नाही. आणि मग मागे वळून पाहताना त्याला आपली विशी ‘फुकट गेली’ असे वाटते. वस्तुतः ती परीक्षेने फुकट घालविलेली नसते. त्या वर्षांत परीक्षेखेरीज दुसरे काही राहू दिले नाही, म्हणून ती रिकामी वाटतात. ज्याने अभ्यासाबरोबर एखादे वाद्य हाती धरले, मित्र जोडले, गावच्या वाचनालयाला हातभार लावला, धाकट्या भावंडांना शिकविले, त्याला नापास होऊनही ती वर्षे आपली म्हणता येतात. नियम आपल्याला सहा वेळा बसू देतात. किती वेळा बसावे हे मात्र नियम सांगत नाहीत. ते आपण सांगायचे असते, आणि पहिला अर्ज भरतानाच सांगायचे असते. अपयशाच्या ऐन दुःखात घेतलेला निर्णय क्वचितच बरोबर येतो.

येथे महत्त्वाकांक्षा या शब्दाचाच थोडा उलगडा केला पाहिजे. तिचे दोन प्रकार आहेत. एक पदाची महत्त्वाकांक्षा आणि दुसरी कामाची. ‘मला अधिकारी व्हायचे आहे’ ही पहिली. ‘मला चांगले शिकवायचे आहे, चांगले गायचे आहे, शेतीत काही नवे करून पाहायचे आहे’ ही दुसरी. पद दुसऱ्याच्या हातात असते, त्यामुळे पहिल्या प्रकारात आनंद शेवटीच मिळतो, मिळाला तर. काम आपल्या हातात असते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात आनंद रोज थोडा थोडा मिळत जातो. दोन्ही असू नयेत असे नाही; परंतु नुसती पहिलीच असेल तर आयुष्य हे एक लांबलचक प्रतीक्षालय होऊन बसते.

याचे एक उदाहरण आपल्या विदर्भाने दिले आहे. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. आईने त्यांना एकटीने वाढविले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले, आणि बालवयात भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात ते कृष्ण झाले. पुढे काय झाले? मोठा गवई झाला असे आपण एका वाक्यात सांगून टाकतो. मधली हकीकत अशी की वसंतरावांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनाची नोकरी धरली आणि ती दोन दशकांहून अधिक काळ केली. दिवसा जमाखर्च, बाकीच्या वेळी गाणे. नोकरीने त्यांना ईशान्येकडील दूरच्या नेफा भागातही पाठविले. साठीच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली, आणि १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात ते खाँसाहेबांच्या भूमिकेत उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय ४७ होते. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, पोटाची नोकरी ही आवडीच्या कामाची शत्रू असतेच असे नाही; ती त्याचे भाडे भरू शकते. दुसरी, उमेदीची वर्षे पंचविशीला संपत नाहीत. जे गाणे त्या वीस वर्षांत संध्याकाळी जिवंत ठेवले, तेच सत्तेचाळिसाव्या वर्षी उपयोगी पडले. ‘आधी स्थिरस्थावर होऊ, मग गाऊ’ असे म्हटले असते तर स्थिरता आली असती, गळा राहिला नसता.

परंतु एका उदाहरणावर भाषण संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच मुलखात दुसरेही एक उदाहरण आहे, आणि ते कटू आहे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू. त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे नागपुरात गेली. कधी सरकारी माहिती खाते, कधी आकाशवाणी, कधी साप्ताहिक, अशा नोकऱ्या ते करीत राहिले. कुटुंब मोठे, मिळकत तुटपुंजी. १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली आणि थोडे स्थैर्य आले. परंतु प्रकृतीने साथ सोडली आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर बाहेर आला. तो हाती घेण्याचे सुख त्यांना लाभले नाही.

वसंतरावांचे जमले आणि मुक्तिबोधांचे जमले नाही, म्हणून एक शहाणा आणि दुसरा वेडा असे कोणी म्हणणार नाही. दोघेही सारखेच निष्ठावंत होते. फरक होता तो पगाराच्या नियमितपणाचा, घरच्या भाराचा आणि प्रकृतीचा. म्हणून काम आणि आनंद यांचा समतोल ही केवळ मनाच्या निग्रहाची गोष्ट आहे, असे तरुणांना सांगणारा उपदेशक त्यांची अर्धीच बाजू पाहतो. ज्याच्या डोक्यावर शिकवणीच्या फीसाठी काढलेले कर्ज आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला ‘आनंदी राहा’ म्हणणे सोपे आणि निरर्थक आहे. त्याच्यासाठी पहिली पायरी आनंदाची नव्हे, टेकूची आहे: लहान का होईना, महिन्याला काही निश्चित रक्कम देणारे काम. शिकवणी, दुकानातील हिशेब, तांत्रिक दुरुस्तीचे एखादे कौशल्य, शेतीला जोड असा व्यवसाय, काहीही. बालाघाटकडे भरवेलीला मँगनीजची खाण आहे, मलाजखंडला तांब्याची आहे, आणि येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे कामाच्या वाटा केवळ कचेरीच्या दारातूनच जातात असे नाही. असा टेकू मिळाला की परीक्षेतील अपयश हे संकट राहत नाही, केवळ निराशा राहते. निराशेतून माणूस उठतो.

मुलींची गोष्ट आणखी निराळी आहे. मुलाला तिशीपर्यंत ‘प्रयत्न करतो आहे’ असे म्हणता येते. त्याच घरातील मुलीला पुष्कळदा दोन-तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपली की स्थळे पाहणे सुरू होते. मुलगा अभ्यास करून कंटाळला की चौकात जातो, नदीवर जातो, क्रिकेट खेळतो. मुलगी कंटाळली की स्वयंपाकघरात जाते. तिच्या २९ तासांचा हिशेब घरकामानेच खाल्लेला असतो. अशा मुलीला आयुष्याचा आनंद घे असे सांगणाऱ्याने आधी तिच्या भावाला भांडी घासायला सांगावे. परीक्षा दोघांची सारखीच असेल, तर विसावाही दोघांचा सारखाच असला पाहिजे.

तेव्हा व्यवहारात काय करावे? मोजक्या गोष्टी सांगता येतील. पहिली, रोजच्या कामाला शेवटची वेळ ठरवावी आणि आठवड्यातून एक दिवस खरोखर मोकळा ठेवावा; त्या दिवशी पुस्तकाला हात लावला नाही म्हणून पश्चात्ताप करू नये, कारण तो दिवस कामाच्याच हिशेबात धरलेला आहे. दुसरी, करमणूक निवडताना एक साधी कसोटी लावावी: तिच्यातून उठल्यावर ताजे वाटते की अधिक थकल्यासारखे वाटते? नदीकाठचा फेरफटका, कबड्डीचा डाव, भजनाची किंवा दंडारीची तालीम, मित्राबरोबरचा चहा, कथा-कादंबरीचे वाचन यांतून माणूस भरून येतो. पडद्यावरची न संपणारी चित्रे पाहून तो रिता होतो. आणि ध्यानात घ्या, पहिल्या प्रकारातील जवळजवळ सर्व गोष्टींना पैसे लागत नाहीत. आनंद महाग आहे ही समजूत जाहिरातींनी पसरविलेली आहे. तिसरी, प्रयत्नांची मुदत ठरवावी आणि ती घरच्यांसमोर बोलून ठरवावी. ‘अमुक साली मी थांबेन आणि तमुक करीन’ हे एकदा मोकळेपणाने सांगितले की रोजच्या जेवणाच्या ताटावर तोच विषय येत नाही. चौथी, स्वतःची तुलना सोबत्याच्या नोकरीशी न करता आपल्याच मागील वर्षाशी करावी. कोणाचे धान हलके असते, लवकर निघते. कोणाचे भारी असते, उशिरा निघते. शेतकरी हलक्या धानाकडे पाहून भारी धान उपटून टाकीत नाही.

आणि शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. मुलगा नाटकाला गेला किंवा मुलगी मैत्रिणीकडे दोन तास बसली, तर ‘याच्याने काय होणार आहे’ असे लगेच म्हणू नका. तुमच्या तरुणपणी तुम्हीही मंडईच्या रात्री जागल्या आहेत, आणि तरीही धान पिकविले आहे. तुमच्या मुलांच्या वाट्याला कष्ट आले, पण मंडईची तिथी आली नाही. ती त्यांना स्वतःच शोधून काढावी लागत आहे. या शोधात त्यांना तुमच्या धाकापेक्षा तुमच्या संमतीची गरज अधिक आहे. तरुण मित्रांनो, तुम्हीही ही संमती चोरून घेऊ नका, मागून घ्या. कष्ट करताना मनापासून कष्ट करा, आणि थांबाल तेव्हा मनापासून थांबा. चणे मिळवायचे आहेत हे खरेच आहे. पण तोवर दात शाबूत ठेवायचे आहेत, हेही विसरून चालणार नाही.